वाळूत फेकलेले पातेलेभर पाणी

शालिक,

तुझी जन्मतारीख, नोकरीची वर्षे आणि नातवंडांची संख्या सरपंचांनी शोकसभेत कागदावरून वाचून दाखवली. तीनपैकी दोन आकडे चुकीचे होते. मी उठून ते दुरुस्त केले नाहीत. माझी मनःस्थिती कशी असेल, हे तुला यावरून कळावे. अधिक खुलासा करणार नाही.

शोक करण्याचा मला सराव नाही. सकाळी तुझ्या घरावरून जाताना चाल थोडी मंद होते, इतकेच. वहिनी अंगणात असतील तर मान हलवतो, नसतील तर घड्याळ पाहतो. हे पत्र त्यासाठी नाही. आपल्या दोघांत एक प्रकरण सहा वर्षे प्रलंबित आहे आणि ते निकाली काढल्याशिवाय तू निघून गेलास. वाळवंटात पाणी कोणी फेकले, हा तो वाद. तू म्हणत होतास, मी. मी म्हणत होतो, तू. आपल्या गावाने, आसगावाने, माझ्यावर विश्वास ठेवला. तू गप्पाड्या ठरलास आणि मी सत्यवचनी. शोकसभेत हे उलटवायचे, असे ठरवून मी गेलो होतो. तेथे काय झाले, ते सांगण्यापूर्वी मूळ हकिगत क्रमाने लिहितो. तुला ती माहीत आहे. तरीही लिहितो, कारण तुझ्या तोंडी ती कधीच क्रमाने नव्हती.

आसगावच्या शाळेत तू बत्तीस वर्षे भूगोल शिकवलास. दरवर्षी फळ्यावर थरचे वाळवंट काढलेस. खडूचे ठिपके म्हणजे वाळू. प्रत्यक्षात वाळू म्हणून तू पाहिली होतीस ती वैनगंगेची, तीही बरीचशी ट्रकमध्ये भरलेली. निवृत्तीनंतर तू माझ्या घरी आलास आणि उभ्यानेच म्हणालास, "नामदेवा, मी पोरांले बत्तीस वर्षं खोटं शिकवलं. जे पाह्यलंच नाही ते शिकवलं. चाल, पाहून येऊ."

"मी कशाला?" मी विचारले.

"मी जे पाहीन ते गावात कोणाले खरं नाही वाटणार. तू सांगशीन तं वाटन. तुले हासता येत नाही ना, त्यानं."

हे कारण मला पटले. मी भूमापन खात्यात आयुष्य काढलेला मोजणीदार. माझ्या शब्दावर लोकांनी धुऱ्यावरचे, म्हणजे शेतांच्या हद्दीवरचे, दगड हलवले आहेत. धान कापून, चुरून घरात आल्यावर पौषात आपण निघालो. माझ्या पिशवीत मोजणीचा फिता, वही आणि औषधे होती. तुझ्या पिशवीत पाच किलो चिन्नोर तांदूळ आणि वैनगंगेच्या वाळूने भरलेली बाटली होती. जोधपूरच्या स्थानकावर तपासणी करणाऱ्या शिपायाने ती बाटली उन्हात धरून पाहिली आणि हे काय, असे विचारले. तू म्हणालास, "रेती है." कोठे नेता, तर "रेगिस्तान." त्याने आपल्या दोघांची वये पाहिली, बाटली परत दिली आणि पुढच्या प्रवाशाकडे वळला.

जैसलमेरच्या पलीकडे जेठाराम नावाच्या उंटवाल्याच्या ढाणीवर आपण उतरलो. ढाणी म्हणजे वाळूतली चार-पाच घरांची वस्ती. घरात तो आणि त्याची म्हातारी आई. पहिल्याच दिवशी तू एका तळहातावर आपली वाळू आणि दुसऱ्यावर तिथली वाळू घेऊन उभा राहिलास. आपली जाड आणि चमकणारी, तिथली पिठासारखी. "आपली रेती पाण्यानं आणली, हे वाऱ्यानं आणली," तू म्हणालास. हे विधान बरोबर होते. त्या प्रवासातले तुझे दुसरे बरोबर विधान मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी आपण दगड झालेली झाडे पाहिली. कोट्यवधी वर्षांपूर्वी तेथे जंगल होते, त्याचे ओंडके आता खडक होऊन जमिनीवर आडवे पडले आहेत. मी फिता लावून घेर घेतला. तू कवेत घेऊन घेर घेतलास. मग गुडघ्यावर बसून त्या दगडाला नाक लावलेस.

"वास येऊन राहिला, नामदेवा. नाकाडोंगरीच्या जंगलात येते तसाच."

"दगडाला वास नसतो."

"तू घे तं खरी."

मी घेतला नाही. जेठाराम मात्र वाकला, त्याने वास घेतला आणि आदरातिथ्य म्हणून हो म्हणाला. त्या "हो"चा उल्लेख तू पुढे सहा वर्षे पुरावा म्हणून केलास.

माळढोक पाहण्यासाठी आपण एका खेजडीआड चार तास बसलो. खेजडी म्हणजे तिकडचे काटेरी, कमी पाण्यावर जगणारे झाड. सावली देते, पण मोजून. अखेर तो पक्षी आला. उंच मान, संथ पाऊल, कोणाकडेही लक्ष नाही. तू टोपी काढलीस आणि कुजबुजलास, "बावनकर हेडमास्तर." तुझ्या पहिल्या हेडमास्तरांना मीही ओळखत होतो. साम्य होते. मी हसलो नाही, परंतु वहीत "माळढोक, एक" अशी नोंद करताना अक्षर बिघडले. ते तू पाहिलेस आणि वर्षभर मिरवलेस.

सर्वांत मोठा वाद त्या ओसाड गावात झाला. रांगेने दगडी घरे, रुंद गल्ल्या, छप्पर नाही, माणूस नाही. दंतकथा अशी की, राज्याच्या दिवाणाची नजर गावच्या मुखियाच्या मुलीवर पडली. गावाने मुलगी दिली नाही, गावच सोडले, आणि जाताना शाप दिला की येथे पुन्हा कोणी वसणार नाही. ऐकताना तुझे डोळे भरून आले. मी गल्ल्या मोजल्या, तीन विहिरी तपासल्या. तिन्ही कोरड्या. मी म्हणालो, पाणी आटले म्हणून लोक गेले. दिवाण नंतर आला, गोष्टीत.

"पाणी आटून गेले असते तं गपचूप गेले असते ना," तू म्हणालास. "शाप कायले देतीन? शाप माणसाले देतेत बे, विहिरीले नाही देत."

"शापाची नोंद दप्तरात नसते."

"मंग तुह्या दप्तरात काय असते? विहिरीची खोली! एवढे लोक रडत गेले, ते कोन्या रकान्यात लिवतं?"

  तो रकाना मी अजूनही शोधतो आहे. विहिरी कोरड्या होत्या, यावर मात्र मी कायम आहे.

जेठारामच्या आईने आणखी एक कथा सांगितली. पूर्वी येथे समुद्र होता. एका देवाने दुसऱ्याच समुद्रावर रोखलेला बाण परत घेता येईना, म्हणून तो इकडे सोडला आणि हा समुद्र आटला. मी तिला सांगितले की समुद्र होता हे खरे, खडकात शिंपले सापडतात. मात्र तो आटायला लाखो वर्षे लागली. तू दोघांकडे आळीपाळीने पाहिलेस. "दोघंबी समुद्रच म्हणून राहिले, मंग भांडून कायले राहिले?" म्हातारीला तुझी भाषा कळली नाही, पण ती तुझ्या बाजूने हसली.

आता मुद्दा.

तिसऱ्या दिवशी दुपारी तू जाहीर केलेस की सलग तीन दिवस बाजरीची भाकर खाऊन आपली हाडे हलू लागली आहेत, तेव्हा आज भात. चिन्नोरची पिशवी उघडली. वासाने जेठाराम दारात आला. चूल तू पेटवलीस. तांदूळ धुण्याचे काम माझ्याकडे आले.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. आपल्याकडे तांदूळ तीनदा धुतात आणि धुवण दारातून बाहेर फेकतात. ते अंगणातल्या केळीला जाते, नाहीतर कोठेही जाते. कोणी पाहत नाही. माझा हात त्या जिल्ह्यातला होता. म्हातारीने स्वयंपाकासाठी भरून ठेवलेल्या घागरीतून पाणी घेऊन पातेल्यातले तांदूळ धुतले, दारात गेलो आणि लांब झोत टाकून पाणी वाळूत फेकले. पुन्हा धुतले, पुन्हा फेकले. तिसऱ्यांदाही. वाळूवर काळा डाग पडला आणि पाहता पाहता नाहीसा होऊ लागला.

म्हातारी शेळ्या घेऊन परतत होती. तिच्या घरचे पाणी अंगणातल्या जमिनीखालच्या टाक्यात असे, त्या टाक्याला कुलूप असे आणि किल्ली तिच्या कमरेला. पावसाचे पाणी, वर्षभर पुरवायचे. तिने आपल्याला अंघोळीला प्रत्येकी एक तांब्या दिला होता आणि तोही आनंदाने. ती त्या डागापाशी थांबली. ओरडली नाही. खाली बसली, ओली वाळू दोन्ही मुठींत उचलली आणि खेजडीच्या बुडाशी नेऊन टाकली. पुन्हा आली, पुन्हा नेली. चार खेपा केल्या. मग विचारले, "पानी किसने फेंका?"

पातेले माझ्या हातात होते. मी बोललो नाही.

कारण नोंदवतो, बचाव म्हणून नव्हे. मोजणीत एकदा चूक कबूल केली की त्या धुऱ्यावरचे भांडण चार पिढ्या चालते, म्हणून मी नोकरीत कधी चूक कबूल केली नाही. निवृत्तीनंतर ती सवय सोडायला हवी होती. सोडली नव्हती. म्हातारीसमोर माझी जीभ साहेबासारखी उभी राहिली.

तू चुलीपासून उठलास, माझ्या हातून पातेले घेतलेस आणि म्हणालास, "मैंने फेंका, माँजी. हमारे यहाँ पानी बहुत है, अक्कल कम है."

तिने तुला शिक्षा दिली. दुसऱ्या सकाळी तिच्यासोबत विहिरीवर जाऊन घरचे पाणी तू ओढायचे. विहीर एक कोस दूर आणि भलतीच खोल. तुझा उजवा खांदा आधीच दुखरा. तू दोर ओढत होतास. मी शेजारी उभा राहून बादल्या मोजत होतो. सव्वीस झाल्या. हे वाक्य लिहिताना मला थांबावे लागले, म्हणून नोंदवतो. तुझ्या पाळीत मी दोर मागितला नाही, कारण मागितला असता तर कारण द्यावे लागले असते.

परतीच्या गाडीत तू खांद्याला तेल चोळत म्हणालास, "मी नाही सांगत कोणाले. तू सांगशीन, तुले वाटन तवा."

एवढे सोपे होते. मी घरी येऊन सोळा पानांचे प्रवासवृत्त लिहिले आणि गावच्या वाचनालयात वाचून दाखवले. इतिहास, दंतकथा, निसर्ग, सर्व व्यवस्थित. नवव्या पानावर वाक्य होते, "या प्रसंगी सहप्रवाशाच्या हातून काही पाणी वाया गेले." तू मागच्या रांगेतून उठलास.

"अबे! कोन्या सहप्रवाशाच्या?"

"ज्याने तेथे कबूल केले, त्याच्या," मी म्हणालो.

सगळे हसले. तू बसलास. मी दहावे पान वाचू लागलो.

त्या दिवसापासून तू चौकातल्या टपरीवर खरी गोष्ट सांगू लागलास. पण शालिक, खरे सांगण्याची तुझी रीत खोट्याची होती. एका उंटाचे सात उंट झाले. माळढोक तुझ्या खांद्यावर बसला. जेठारामची आई राजघराण्यातली निघाली. अशा गोष्टीत मधेच "आन् पाणी या नामदेवानं फेकलं" हे वाक्य आले की लोक ते उंटांसोबत वजा करीत. मी मात्र एकच वाक्य, एकाच आवाजात, दरवेळी तेच म्हणे. लोकांनी माझे घेतले. दर संध्याकाळी आपण एकाच बाकावर बसून भांडत होतो आणि दर संध्याकाळी मी जिंकत होतो. जिंकण्याचा मला कंटाळा आला होता. हे तुला सांगितले नाही.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात मी तुला भेटलो, तेव्हा तू नळ्यांत होतास. वहिनी चहा आणायला गेल्या. तू मान माझ्याकडे वळवलीस आणि विचारलेस, "काही सांगाचं हाय काय तुले?"

मी म्हणालो, "गोळ्या वेळेवर घे."

तू हसलास. खोकला येईपर्यंत हसलास. परिचारिका धावत आली आणि तिने मला बाहेर काढले. आपले शेवटचे संभाषण हे असे.

म्हणून शोकसभा. शाळेच्या ओसरीत दीडशे माणसे होती. सरपंचांनंतर मला उभे केले. मी कागद नेला नव्हता. मी म्हणालो, "शालिकरावांबद्दल या गावाचा एक गैरसमज आहे, तो माझ्यामुळे झाला. वाळवंटात पाणी त्यांनी फेकले नाही. मी फेकले. त्यांनी माझी चूक स्वतःवर घेतली, सव्वीस बादल्या ओढल्या, आणि मी सहा वर्षे खोटे बोललो. ते खरे बोलत होते."

 मला वाटले, झाले. खांद्यावरचे ओझे उतरते म्हणतात, ते उतरण्याची मी वाट पाहिली.

मग टाळ्या वाजल्या. शोकसभेत, शालिक. सरपंचांनी उठून डोळे पुसले आणि ते म्हणाले, "याले म्हणतेत दोस्ती! मेलेल्या माणसाची इज्जत राखासाठी नामदेवरावांनं आपल्या अंगावर घेतलं. जल्मात कधी खोटं न बोललेला माणूस, आज दोस्तासाठी बोलला!"

मी पुन्हा उठलो. "हे खोटे नाही," असे म्हणालो. टाळ्या वाढल्या. तिसऱ्यांदा उठलो, तेव्हा दोघांनी मला धरून खुर्चीवर बसवले आणि पाणी दिले.

एकच आशा उरली होती. सभेनंतर मी वहिनींकडे गेलो. म्हणालो, "वहिनी, मी सभेत सांगितले ते खरे आहे."

त्यांनी पदराने डोळे टिपले. "भाऊजी, कायले एवढं खोटं बोलले तुमी? मले का मालूम नाही त्याईची सवय? घरीबी तसंच करत. धुवण कोठी फेकाचं, काही पत्ताच नसे. एक डाव तं सासऱ्याच्या अंगावर फेकलं होतं." मग म्हणाल्या, "पण तुमी बोलले, बरं वाटलं मले."

मी चप्पल घालून निघालो. सहा वर्षे मी एक खोटे इतके काटेकोर बांधले होते की आता त्याचा एक दगड मलाच हलवता येत नाही. आणि मेल्यावरही माझ्यावर उपकार तूच केलेस असे दिसते. गावात माझा मान दुप्पट झाला आहे. रस्त्यात माणसे हात जोडतात. माझी स्थिती अपमानास्पद आहे.

खरे काय ते जाणणारा तूच एक होतास. म्हणून तुला लिहिले.

सोमवारपासून मी रोज चारला टपरीवर जातो. बाकावर, तुझ्या जागेला लागून बसतो आणि सांगतो. पातेले मध्यम, पाणी तीन खेपांचे मिळून सुमारे पाच लिटर, फेकणारा मी. लोक आदराने ऐकतात, माझ्यासाठी चहा सांगतात आणि निवडणुकीकडे वळतात. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. काल, पुष्कळ विचार करून, मी पातेल्याऐवजी पिंप म्हणालो.  दोघे जण वळून बसले.

"पिंप? भरलेलं?"

"काठोकाठ," मी म्हणालो.

"बाप्पा! तुमी स्वतः?"

"स्वतः."

"मंग? म्हातारीनं काय केलं?"

शालिक, सहा वर्षांत मला पुढचे कोणी विचारले नव्हते. मी त्यांना पुढचे सांगितले. आज पुन्हा जायचे आहे. पिंपानंतर काय म्हणायचे आणि कोठे थांबायचे, हे मला माहीत नाही. ते काम तुझे होते.

नामदेव